मणका ‘बसवून’ घेण्यापूर्वी

सोमवारची ओपीडी. रांगेतला पस्तिशीचा तरुण खुर्चीत बसला आणि तक्रार सांगण्याआधीच त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर एक माणूस टेबलावर पालथा झोपलेला. दुसरा त्याच्या पाठीवर दोन्ही तळहात ठेवतो, झटका देतो, ‘कट्’ असा आवाज येतो आणि झोपलेला माणूस हसत उठतो. ‘‘डॉक्टर, माझीही कंबर अशीच धरते. हे करून घेऊ का?’’

काही वर्षांपूर्वीपर्यंत हा प्रश्न मला क्वचितच कुणी विचारायचे. आता एकही आठवडा त्याच्याशिवाय जात नाही. विचारणारे फक्त संगणकावर काम करणारे नसतात. रिक्षाचालक असतात, शिवणकाम करणाऱ्या बायका असतात, नातवाला उचलताना चमक भरलेले आजोबाही असतात. मोठ्या शहरांत ‘कायरो’ अशी पाटी लावलेली केंद्रे उघडली आहेत, तालुक्याच्या गावी शिबिरे भरतात आणि समाजमाध्यमांवर हाडांच्या आवाजाचे व्हिडिओ लाखो लोक पाहतात. त्यामुळे या उपचारात नेमके काय होते, त्यातून काय मिळते, काय मिळत नाही आणि धोका कुठे आहे, हे एकदा नीट मांडायला हवे.

त्या तरुणाला मी लगेच ‘नको’ म्हणालो नाही, आणि ‘जा’ असेही म्हणालो नाही. आधी दहा मिनिटे त्याला तपासले. या लेखाचा सारांश त्या दहा मिनिटांत आहे.

कल्पना जुनी, नाव नवे

पाठ मोडून घेणे आपल्याला नवे नाही. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायचा, मान अवघडली की सलूनमध्ये डोक्याच्या मालिशनंतर ती दोन्ही बाजूंना ‘मोडून’ घ्यायची, मुरगळले की हाडवैद्याकडे जायचे, हे आपण पिढ्यान्पिढ्या करत आलो आहोत. कायरोप्रॅक्टिकचा उगम मात्र अमेरिकेतला. आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर या गृहस्थांनी १८९५ मध्ये हार्वे लिलार्ड नावाच्या सफाई कर्मचाऱ्याच्या पाठीवर पहिला झटका दिला आणि त्यामुळे त्याचे गेलेले ऐकू येणे परत आले, असा दावा केला. ग्रीक भाषेतल्या ‘हात’ आणि ‘कृती’ या अर्थाच्या शब्दांवरून या पद्धतीला नाव मिळाले.

पामर यांचे म्हणणे असे होते की, बहुतेक सर्व रोगांचे मूळ मणके जागचे हलण्यात आहे आणि ते जागेवर आणले की रोग जातो. शरीरशास्त्राच्या पुढच्या अभ्यासात याला आधार मिळाला नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने या पंथावर जवळजवळ बहिष्कार टाकला होता. त्याविरुद्ध कायरोप्रॅक्टर न्यायालयात गेले आणि १९८७ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. तो निकाल व्यवसायस्पर्धेच्या कायद्याचा होता, पामर यांचा सिद्धान्त खरा की खोटा याचा नव्हता. आज या व्यवसायात दोन प्रवाह दिसतात. एक स्वतःला पाठ, मान आणि सांध्यांच्या दुखण्यापुरता मर्यादित ठेवतो आणि संशोधनाची भाषा बोलतो. दुसरा अजूनही दमा, मधुमेह, बाळाची पोटदुखी, वंध्यत्व असे सगळे मणक्यातून बरे करू पाहतो. आपल्यासमोर यातला कोण आहे, हे ओळखणे रुग्णाच्या हिताचे आहे.

टेबलावर नेमके काय होते

नीट प्रशिक्षण घेतलेला माणूस लगेच टेबलाकडे नेत नाही. दुखणे कधी सुरू झाले, रात्री वाढते का, पायात उतरते का, ताप आहे का, वजन घटले का, पूर्वी कॅन्सर किंवा क्षयरोग होता का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हे तो विचारतो. मग पायांतली ताकद, संवेदना आणि गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया तपासतो. पहिल्या भेटीचा बराचसा वेळ यात गेला पाहिजे. तो जात नसेल, तर तिथूनच परत फिरावे.

एक्स-रेबद्दल गैरसमज फार आहे. प्रत्येकाचा एक्स-रे काढणारे केंद्र जास्त शास्त्रीय असते, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या कायरोप्रॅक्टरांच्या संघटनेनेच २०१७ मध्ये सांगितले की, धोक्याची लक्षणे नसतील तर नव्याने सुरू झालेल्या कंबरदुखीत पहिले सहा आठवडे मणक्याचे फोटो काढू नयेत.

त्यानंतर प्रत्यक्ष उपचार. रुग्ण पालथा किंवा कुशीवर झोपतो. उपचार करणारा एका सांध्यावर हात टेकवतो, तो सांधा त्याच्या हालचालीच्या टोकापर्यंत नेतो आणि तिथे अतिशय जलद पण थोड्याच अंतराचा झटका देतो. हा झटका सेकंदाच्या पाचव्या भागापेक्षाही कमी वेळात संपतो. त्यात जोरापेक्षा वेग महत्त्वाचा असतो. काही जण झटक्याऐवजी संथ हालचाली करतात, काही जण स्प्रिंगचे छोटे यंत्र किंवा थोडे खाली बसणारे टेबल वापरतात. हनुवटीखाली पट्टा अडकवून डोके एकदम ओढण्याचा जो प्रकार व्हिडिओत दिसतो, तो दिसायला नाट्यमय आहे. त्याची उपयुक्तता आणि सुरक्षितता दाखवणारा भरवशाचा अभ्यास मात्र नाही. तो कुणीही करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

झटक्याने सहसा दुखत नाही. त्यानंतर लगेच हलके वाटणे, मान किंवा कंबर जास्त वळणे हा अनुभव अनेकांना येतो आणि तो खोटा नसतो. त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी जागा ठणकणे, थकवा, थोडे डोके दुखणे हेही होते. अभ्यासांत निम्म्याहून अधिक रुग्णांनी असा किरकोळ त्रास नोंदवला आहे. तो एक-दोन दिवसांत जातो. त्याहून जास्त टिकला किंवा हातापायांत मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा आला, तर पुढची बैठक न घेता डॉक्टरांना दाखवावे.

तो आवाज कशाचा?

या उपचाराची सारी जाहिरात त्या एका आवाजावर चालते. सरकलेले हाड जागेवर बसल्याचा तो आवाज, असे ऐकणाऱ्याला वाटते. तसे नाही. आपण बोटे मोडतो तेव्हा येणारा आवाज आणि मणक्याचा हा आवाज एकाच जातीचे आहेत. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो आणि त्यात वायू विरघळलेले असतात. सांध्याचे दोन पृष्ठभाग झटकन दूर झाले की आतला दाब एकदम घटतो आणि त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी बोट मोडताना त्याचे एमआरआय चित्रण केले आणि आवाजाच्या क्षणी ही पोकळी तयार होताना दिसली. एकदा मोडलेले बोट लगेच पुन्हा मोडत नाही, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. त्याचे कारणही तेच. वायू पुन्हा विरघळायला साधारण वीस मिनिटे लागतात.

म्हणजे आवाज आला तर उपचार यशस्वी आणि नाही आला तर फुकट गेला, असे नसते. हाड ‘बसवण्या’ची कल्पनाही तपासून पाहिलेली आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये माकडहाडाच्या वरच्या भागातल्या सांध्यावर झटका देण्याआधी आणि दिल्यावर अतिशय अचूक क्ष-किरण मोजमाप केले. सांध्याची जागा बदललेली नव्हती. बरे वाटते ते स्नायूंचा ताण सैलावल्यामुळे, वेदना वाहून नेणाऱ्या यंत्रणेला काही काळ वेगळा संदेश मिळाल्यामुळे आणि कुणीतरी आपल्याकडे लक्ष देऊन हात लावला या समाधानामुळे. हे फायदे नाकारायचे कारण नाही. पण हाड मुळात सरकलेलेच नव्हते, हे लक्षात ठेवले तर ‘महिनाभरात पुन्हा सरकेल, परत या’ या वाक्याचा अर्थ आपोआप कळतो.

‘मणक्यात गॅप’चे भय

आपल्याकडे कंबरदुखीचा निम्मा व्यवहार ‘मणक्यात गॅप’ या दोन शब्दांवर चालतो. वैद्यकशास्त्रात असा आजार नाही. वयानुसार मणक्यांमधली चकती सुकते, थोडी बाहेर फुगते. केस पिकतात तसेच हे आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, ज्यांना पाठदुखी मुळीच नाही अशा लोकांची चित्रणे एकत्र करून पाहिली गेली. विशीतल्या ३७ टक्के लोकांत चकतीची झीज दिसली, ऐंशीच्या वयात ती ९६ टक्क्यांत होती. विशीतल्या ३० टक्के लोकांची चकती फुगलेली होती. या कुणाचीही पाठ दुखत नव्हती! म्हणून एमआरआयच्या कागदावर मोठे शब्द दिसले की घाबरून कुणाच्याही हातात मान देऊ नये. कागदावरचा शब्द आणि रुग्णाचे दुखणे जुळते का, हे तपासल्याशिवाय त्या कागदाला किंमत नाही.

उपयोग होतो का?

प्रामाणिक उत्तर असे : कंबरदुखीत थोडा होतो. इतर साध्या उपायांपेक्षा फारसा जास्त नाही.

२०१७ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात नव्याने सुरू झालेल्या कंबरदुखीवरील अभ्यासांचा आढावा आला. शंभर गुणांच्या मापावर वेदना साधारण दहा गुणांनी कमी झाली. फायदा आहे, पण बेताचा. जुनाट कंबरदुखीवरचा मोठा आढावा २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. त्यात ४७ अभ्यास आणि ९ हजारांवर रुग्ण होते. निष्कर्ष असा की, हाताने केलेला हा उपचार व्यायामासारख्या शिफारस केलेल्या उपायांच्या तोडीचा आहे, त्यांच्याहून सरस नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम, आजाराबद्दल नीट समजावून सांगणे यांच्याबरोबर या उपचारालाही जागा दिली आहे, तीही अटींसह. ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्था सांगते की, हा उपचार द्यायचाच तर व्यायामासह द्यावा, एकटा नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार २०२० मध्ये जगभरात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. इतक्या मोठ्या आजारावर कुणा एकाकडे जादूचा झटका असता, तर तो एव्हाना सर्वांना माहीत झाला असता.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अचानक धरलेली कंबर बहुतेक लोकांत चार ते सहा आठवड्यांत काहीही केले तरी बरीच सुटते. दुखणे सर्वांत जास्त असते तेव्हा आपण उपाय शोधतो आणि त्यानंतर ते उतरणारच असते. त्या उताराचे श्रेय मग शेवटच्या उपायाला मिळते. पायाळू माणसाच्या लौकिकामागेही हेच गणित आहे, आणि आम्ही डॉक्टर लिहून देतो त्या कित्येक गोळ्यांच्या लौकिकामागेही.

पाठ आणि मान सोडून इतर आजारांवरचे दावे मात्र टिकत नाहीत. बाळाची पोटदुखी, कानाचे संसर्ग, दमा यांवर कायरोप्रॅक्टिकचा उपयोग सांगणाऱ्या ब्रिटिश संघटनेवर सायमन सिंग या विज्ञानलेखकाने २००८ मध्ये टीका केली. संघटनेने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि २०१० मध्ये तो मागे घ्यावा लागला.

मानेचा प्रश्न वेगळा आहे

कंबर आणि मान यांना एकाच मापाने मोजू नये. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर चढतात आणि सर्वांत वरच्या मणक्याजवळ वळण घेऊन कवटीत शिरतात. मान झटक्याने वळली तर या वळणापाशी धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते. तिथे गुठळी जमते, ती मेंदूकडे गेली की पक्षाघात. असा रुग्ण अनेकदा तिशी-चाळिशीतला, रक्तदाब किंवा मधुमेह नसलेला असतो.

हे फक्त कायरोप्रॅक्टरच्या टेबलावर घडते असे नाही. ब्यूटी पार्लरमध्ये केस धुताना मान मागे टेकवून ठेवल्याने झालेल्या पक्षाघाताचे पाच रुग्ण अमेरिकेतल्या एका डॉक्टरने १९९३ मध्येच नोंदवले होते. २०२४ मध्ये बेंगळुरूला सलूनमधल्या मालिशनंतर मान मोडून घेतल्यावर बल्लारीच्या तिशीतल्या तरुणाला पक्षाघात झाल्याची बातमी अनेकांच्या स्मरणात असेल.

कायरोप्रॅक्टरांची बाजूही ऐकायला हवी. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात नऊ वर्षांतल्या अशा ८१८ पक्षाघातांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ४५ वर्षांखालच्या रुग्णांत पक्षाघातापूर्वी कायरोप्रॅक्टरकडे गेल्याचे प्रमाण जास्त होते. पण साध्या फॅमिली डॉक्टरकडे गेल्याचे प्रमाणही तितकेच वाढलेले होते. फॅमिली डॉक्टर काही मान मोडत नाहीत. याचा अर्थ असा की, धमनीला चीर आधीच पडलेली असते, तिच्यामुळे मान आणि डोके दुखते आणि त्या दुखण्यासाठीच माणूस कुणाकडे तरी जातो. या युक्तिवादात तथ्य आहे. पण त्यातूनच सावधगिरीचे कारणही मिळते. मानदुखी घेऊन आलेल्या माणसाची धमनी आधीच चिरलेली असेल, तर तिच्यावर झटका देणे किती घातक! अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये सांगितले की, मानेवर असा उपचार करण्यापूर्वी हा संबंध रुग्णाला सांगितला गेला पाहिजे. आपल्याकडे तो किती जणांना सांगितला जातो?

ही घटना विरळा आहे, हेही खरे. पण तिची किंमत आयुष्यभराचे अपंगत्व किंवा मृत्यू आहे, आणि मानदुखीवर व्यायाम, शेक, बसण्याची पद्धत सुधारणे असे सुरक्षित पर्याय हाताशी आहेत. म्हणून मानेवर झटक्याचा उपचार मी माझ्या रुग्णांना सुचवत नाही, आणि सलूनमध्ये मान मोडून घेऊ नये असे प्रत्येकाला सांगतो.

मानेला हात लावल्यानंतर त्या दिवशी किंवा पुढच्या काही दिवसांत पूर्वी कधी झाले नाही असे डोके वा मान दुखली, चक्कर आली, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, बोबडी वळली, गिळता येईना, तोल जाऊ लागला किंवा चेहऱ्याची एक बाजू बधिर झाली, तर घरी पडून राहू नये. १०८ ला फोन करावा. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

आपल्या देशातला खास धोका

परदेशी लेखांत जो मुद्दा सहसा खालच्या ओळीत असतो, तो आपल्याकडे पहिल्या ओळीत हवा. तो म्हणजे मणक्याचा क्षयरोग. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत. क्षय फुप्फुसाबाहेर हाडांत गेला की मणका ही त्याची नेहमीची जागा असते. त्यात खोकला नसतो. नुसती पाठ दुखते, महिनोन्महिने.

चाळिशीच्या एक बाई आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांना चालताना पाय जड वाटत होते. शिवणकाम करणाऱ्या. चार महिने पाठ दुखत होती. आधी दोन दवाखान्यांत वेदनाशामक इंजेक्शने झाली. मग कुणीतरी सांगितले म्हणून एका केंद्रात मणके ‘बसवण्या’च्या तीन बैठका घेतल्या. पहिल्या बैठकीनंतर त्यांना बरे वाटले होते, हे त्यांनी आवर्जून सांगितले. संध्याकाळी अंगात कणकण असायची, वजन घटले होते, रात्री दुखण्याने जाग यायची. हे त्यांना दवाखान्यात विचारले नाही आणि केंद्रातही विचारले नाही. एमआरआयमध्ये पाठीच्या दोन मणक्यांना क्षयाने पोखरलेले दिसले, शेजारी पू जमून मज्जारज्जूवर दाब आलेला. सुदैवाने वेळ गेली नव्हती. क्षयाची औषधे सरकारी व्यवस्थेत मोफत मिळतात. ती त्यांनी नेमाने घेतली आणि आज त्या चालत येतात. त्या पोखरलेल्या मणक्यावर दिलेला एखादा झटका अधिक जोराचा असता, तर त्या कदाचित चालत आल्या नसत्या.

क्षयाशिवाय आणखी काहींनी हा उपचार करून घेऊच नये. हाडे ठिसूळ झालेल्या, विशेषतः पाळी गेलेल्या आणि बारीक अंगाच्या स्त्रिया. दमा किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे. मानेच्या सांध्यांना आमवाताने ग्रासलेले. कॅन्सर झालेले. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेले. नुकतेच पडलेले किंवा अपघात झालेले. मणक्याची शस्त्रक्रिया झालेले.

आणि ज्यांच्या लघवीवर ताबा राहत नाही किंवा ती अडकते, बसायच्या जागेभोवती बधिरपणा आला आहे, पाऊल उचलता येत नाही, त्यांनी टेबलावर चढूच नये. त्यांनी त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. नसांच्या झुबक्यावरचा तो दाब वेळेत काढला नाही, तर हानी कायमची होते.

पाटी कुणाची, जबाबदारी कुणाची?

ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने कायरोप्रॅक्टरांची परिषद आहे. नोंदणी नसलेला माणूस ते नावसुद्धा लावू शकत नाही. अमेरिकेत सर्व राज्यांत परवाना लागतो. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रशिक्षणाचा जो आराखडा दिला, त्यात पूर्ण अभ्यासक्रमासाठी किमान ४,२०० तास आणि त्यातले किमान १,००० तास देखरेखीखाली रुग्णसेवा सांगितली आहे. भारतात या व्यवसायासाठी वेगळी वैधानिक परिषद नाही. परदेशात चार-पाच वर्षे शिकून आलेला माणूस, आठवड्याच्या शेवटी कार्यशाळा केलेला फिजिओथेरपिस्ट आणि व्हिडिओ पाहून शिकलेला तिसरा, या तिघांच्या पाट्या सारख्याच दिसतात. चूक झाली तर तक्रार नेमकी कुणाकडे करायची, हे रुग्णाला सांगता येत नाही.

परिषद असली की सारे ठीक होते असेही नाही. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये मेलबर्नच्या एका कायरोप्रॅक्टरने तान्ह्या बाळाला पायांनी उलटे धरल्याचा व्हिडिओ पसरला. त्यानंतर २०१९ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांच्या मणक्यावरील उपचार तिथल्या मंडळाने थांबवला. २०२३ मध्ये बंदी उठवली आणि २०२४ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी हस्तक्षेप केल्यावर ती परत आली. पण तिथे निदान प्रश्न विचारणारी यंत्रणा होती आणि उत्तर द्यावे लागणारी माणसे होती. आपल्याकडेही बाळाला तेल लावताना पायाला धरून उलटे करण्याची रीत काही घरांत आहे. तीही सोडावी, हे यानिमित्ताने सांगतो.

२०२१ मध्ये केंद्राने डॉक्टर व परिचारिका सोडून इतर आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. फिजिओथेरपी त्यात स्पष्टपणे आहे. मणक्यावर झटक्याचा उपचार कुणी, किती शिकून, कोणत्या रुग्णांवर करावा याचे किमान नियम राज्याने किंवा या आयोगाने ठरवायला हरकत नसावी. बंदी घालून हे थांबणार नाही. नियम केले तर चांगले काम करणाऱ्यांना नाव मिळेल आणि बाकीच्यांना उत्तर द्यावे लागेल.

आमच्या पदरातही माप

लोक तिकडे का जातात, याचे उत्तर आम्हा डॉक्टरांनाही द्यावे लागेल. आमच्याकडे दोन तास रांगेत उभे राहून दोन मिनिटे मिळतात. कितीदा तर पाठीला हातही न लावता गोळ्या लिहिल्या जातात. खाजगीत गेले की लगेच एमआरआय आणि शस्त्रक्रियेची भीती. तिकडे कुणीतरी अर्धा तास ऐकतो, हात लावून तपासतो, ‘तुम्ही बरे व्हाल’ म्हणतो. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचा रोग आधी आमच्याच व्यवसायाच्या हातून दोनदा निसटला होता. कायरोच्या केंद्राला नावे ठेवताना हे विसरणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शासकीय रुग्णालयांत फिजिओथेरपीच्या पुरेशा जागा भरल्या, कंबरदुखीच्या रुग्णाला व्यायाम शिकवायला माणूस आणि वेळ मिळाला, तर निम्मी गर्दी आपोआप वळेल.

तरीही ज्यांना हा उपचार घ्यायचाच आहे, त्यांनी काही प्रश्न न संकोचता विचारावेत. तुमचे शिक्षण कुठे आणि किती वर्षांचे? कोणत्या परिषदेकडे नोंदणी आहे? फिजिओथेरपिस्ट असतील तर राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा क्रमांक विचारावा. माझ्या दुखण्याचे निदान काय? मानेला झटका न देता उपचार होईल का? धोके कोणते? किती बैठकांत फरक दिसला पाहिजे? तीन-चार आठवड्यांत ठळक फरक नसेल तर थांबावे. वीस-तीस बैठकांचे पैसे आगाऊ मागणाऱ्या, ‘वर्षभर दर आठवड्याला या’ म्हणणाऱ्या, चालू औषधे बंद करायला सांगणाऱ्या आणि उपचाराचे चित्रण करण्यासाठी सवलत देणाऱ्या ठिकाणाहून उठून यावे. चित्रण सुरू असताना उपचार करणाऱ्याचे लक्ष रुग्णाकडे कमी आणि कॅमेऱ्याकडे जास्त असते.

त्या सोमवारच्या तरुणाला धोक्याचे एकही लक्षण नव्हते. दिवसाचे दहा तास दुचाकीवर सामान पोचवण्याचे काम आणि व्यायाम शून्य. त्याला आमच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवले, पाच व्यायाम शिकवले, अंथरुणात पडून राहू नको, चालत राहा असे सांगितले. तीन आठवड्यांनी तो आला तेव्हा दुखणे बरेच कमी झाले होते. ‘‘पण डॉक्टर, आवाज काही आला नाही,’’ तो म्हणाला. मी म्हटले, नाही आला तरी चालेल. व्यायाम मात्र सोडू नकोस.